पहिला डक्ट काढण्याआधी: रेव्हिटमध्ये एमईपी प्रकल्पाची मांडामांड

रेव्हिट या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या प्रोग्राममध्ये एमईपीचं, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग सेवांचं, मॉडेल उघडलं की त्यात भिंती दिसतात, पण त्या आपल्या नसतात. स्लॅब, बीम, कॉलम, खिडक्या, फॉल्स सिलिंग यांतलंही काही आपलं नसतं. आपले फक्त हवेचे डक्ट, पाइप, केबल ट्रे, दिवे, पंप आणि पॅनेल. बाकी सगळं आर्किटेक्टच्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फाइलमधून आलेलं. थोडक्यात, या इमारतीत आपण भाडेकरू. मालक उद्या भिंत सरकवेल, परवा मजल्याची उंची १०० मिलिमीटरने कमी करेल, आणि दर वेळी दार वाजवून सांगेलच असं नाही.

रेव्हिटमध्ये हवा, वीज आणि पाण्याच्या सेवांचा प्रकल्प उभा करणं म्हणजे मुख्यतः या भाडेकराराची कलमं आधी नीट लिहून घेणं. डक्ट काढायला कोणीही अर्ध्या तासात शिकतं. तोच डक्ट तीन महिन्यांनी योग्य जागी, योग्य सिस्टिममध्ये आणि योग्य ड्रॉइंगवर दिसेल का, हे मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांच्या कामावर ठरतं. हा लेख त्याच दिवसांबद्दल आहे.

सेवांची मंडळी रेव्हिटमध्ये उशिरा आली, हे आधी सांगितलेलं बरं. १९९७ मध्ये चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या कंपनीने रेव्हिटचं काम सुरू केलं, २००० मध्ये पहिली आवृत्ती आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने कंपनी विकत घेतली. तोवर डोळ्यांसमोर आर्किटेक्टच होता. सेवांसाठीची वेगळी आवृत्ती २००६ मध्ये 'रेव्हिट सिस्टिम्स' या नावाने आली, तिचंच पुढे 'रेव्हिट एमईपी' झालं. २०१३ च्या आवृत्तीपासून आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपी या तिन्ही शाखा एकाच प्रोग्राममध्ये मिळू लागल्या. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की आजही नवी फाइल चुकीच्या टेम्पलेटवरून (तयार साच्यावरून) उघडली तर प्रोग्राम जगाकडे आर्किटेक्टच्या नजरेने बघतो. भिंती ठळक, डक्ट गायब. म्हणून सुरुवात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग किंवा तिन्ही एकत्र असलेल्या सिस्टिम्स टेम्पलेटवरून करायची. कार्यालयाचं स्वतःचं टेम्पलेट असेल तर उत्तमच.

माउस हातात घेण्याआधी

दोन गोष्टी सगळ्यांना विचारून घ्यायच्या. पहिली, कोणती आवृत्ती वापरायची. रेव्हिटची फाइल पुढच्या आवृत्तीत उघडते, मागच्या आवृत्तीत उघडत नाही. आणि एकदा वरच्या आवृत्तीत सेव्ह झाली की परतीची वाट बंद. टीममधल्या एकाने उत्साहाने नवी आवृत्ती टाकून फाइल सेव्ह केली तर बाकीच्यांना कुलूपच.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे: कोणती वस्तू कोणाची? वॉशबेसिन आर्किटेक्ट ठेवतो, पाइप आपण जोडतो. दिव्याची जागा आर्किटेक्ट ठरवतो, सर्किट आपण करतो. पण लिंक केलेल्या, म्हणजे आपल्या फाइलमध्ये फक्त जोडून दाखवलेल्या, फाइलमधल्या बेसिनला आपल्या फाइलमधला पाइप जोडता येत नाही. डोळ्यांना तो चिकटलेला दिसेल, रेव्हिटच्या लेखी तो हवेत लटकलेला. म्हणजे बेसिन आपल्या फाइलमध्येही हवं. मग ते आपण कॉपी करून घेणार का, दोन बेसिनं एकावर एक आली तर छापताना कोणाचं लपवायचं, आणि यादीत मोजायचं कोणाचं? हे लेखी ठरलेलं नसेल तर वाद बिलाच्या वेळी होतो, आणि त्या वेळी कोणाला काही आठवत नसतं. मोठ्या प्रकल्पांत यासाठी बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) एक्झिक्युशन प्लॅन नावाचा दस्तऐवज असतो. लहान प्रकल्पात एका पानाचा ईमेलही चालतो, पण तो असला पाहिजे.

लिंक करणं

आर्किटेक्टची फाइल आपल्या फाइलमध्ये आणताना रेव्हिट विचारतं, जागा कशी ठरवू? यादीत 'सेंटर टू सेंटर' असा एक निरागस दिसणारा पर्याय आहे. त्याला हात लावू नये. तो दोन्ही मॉडेलमधल्या वस्तूंचा एकूण पसारा मोजतो आणि मध्याला मध्य जुळवतो. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये बाहेरचा पोर्च आहे, स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये नाही, एवढ्यानेच मध्य हलतो.

माझ्या हातून हे एकदा झालं आहे. स्ट्रक्चरची फाइल अशा रीतीने आणली आणि कॉलम भिंतींपासून जेमतेम ४० मिलिमीटर सरकले. चार मीटर सरकले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. ४० मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. उभे पाइप कॉलमला खेटून नेले, सगळं छान बसलं, आणि लिंक दुरुस्त केल्यावर एका शाफ्टमधले निम्मे पाइप काँक्रीटच्या पोटात गेले. तेव्हापासून लिंक आणली की दोन ग्रिडांच्या (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषांच्या) छेदावर झूम करून अंतर मोजायचं, हा माझा पहिला उद्योग.

योग्य पर्याय दोन. एक, 'इंटर्नल ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन', म्हणजे दोन्ही फाइलींच्या अंतर्गत शून्यबिंदूंना एकत्र आणणं. सगळ्यांनी आर्किटेक्टच्या फाइलवरून सुरुवात केली असेल तर हे बिनधोक. दुसरा, शेअर्ड कोऑर्डिनेट्स. इथे जमिनीच्या मोजणीशी जुळलेली निर्देशांकांची एक पद्धत एका फाइलमध्ये ठरवली जाते आणि बाकीच्या फाइली ती त्या फाइलकडून उचलतात. आवारात अनेक इमारती असतील तर याला पर्याय नाही.

हे समजायला तीन बिंदू वेगळे ओळखावे लागतात. इंटर्नल ओरिजिन हा प्रोग्रामचा स्वतःचा शून्य, तो हलत नाही. प्रोजेक्ट बेस पॉइंट हा इमारतीसाठी सोयीचा शून्य, बहुधा एखादा ग्रिडछेद. सर्व्हे पॉइंट म्हणजे जमीन मोजणाऱ्याने दिलेला बाहेरच्या जगातला बिंदू. मोजणीचे आकडे लाखांत असतात म्हणून कोणी इमारतच उचलून तेवढ्या दूर नेऊन ठेवतं, आणि तिथे फसतं. इंटर्नल ओरिजिनपासून १६ किलोमीटरच्या बाहेर रेव्हिटची भूमिती भरवशाची राहत नाही. इमारत शून्याजवळच ठेवायची, दूरचे आकडे सर्व्हे पॉइंटला सांगायचे.

लिंक आली की लगेच पिन करायची, म्हणजे जागेवर खिळवायची, नाहीतर एखादा डक्ट ओढताना अख्खी इमारत माउससोबत निघते. लिंकचा प्रकार 'ओव्हरले' ठेवायचा, म्हणजे आपली फाइल दुसऱ्याने लिंक केली तर ही लिंक तिच्यासोबत जात नाही; 'अटॅचमेंट' असेल तर जाते. आर्किटेक्टही आपली फाइल त्याच्याकडे लिंक करणार, आणि दोघांनी 'अटॅचमेंट' निवडलं तर फाइलींचा गोल गोल फेरा सुरू होतो.

मजले आणि ग्रिड: उसने, पण लक्ष ठेवून

टेम्पलेटमध्ये लेव्हल १, लेव्हल २ असे काही मजले आधीच असतात. ते आपल्या इमारतीचे नाहीत. खरे मजले आर्किटेक्टच्या फाइलमध्ये आहेत, आणि ते आपल्याकडे आणायचं साधन म्हणजे 'कॉपी/मॉनिटर'. नावातच दोन कामं आहेत: वस्तूची प्रत घ्यायची, आणि मूळ वस्तू हलते का यावर नजर ठेवायची.

क्रम महत्त्वाचा आहे. टेम्पलेटचा मजला आधी पुसला तर त्याच्याशी बांधलेले प्लॅनसुद्धा पुसले जातात. म्हणून आधी लिंकमधून मजले कॉपी करावेत, त्यांचे प्लॅन व्ह्यू तयार करावेत (ते आपोआप होत नाहीत, सांगावं लागतं) आणि मग जुने मजले काढावेत. टेम्पलेटचे प्लॅन नीट सजवलेले असतील तर दुसरा मार्ग: जुना मजला सरकवून खऱ्या उंचीवर आणायचा, त्याला खरं नाव द्यायचं आणि फक्त 'मॉनिटर' करायचा.

पुढे आर्किटेक्टने मजला हलवला की फाइल उघडताना रेव्हिट इशारा देतं: कोऑर्डिनेशन रिव्ह्यू करा. तिथल्या एका पर्यायाने भल्याभल्यांना चकवलं आहे. 'अ‍ॅक्सेप्ट डिफरन्स' वाचून वाटतं, की बदल मान्य केला आणि आपला मजलाही हलला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ उलटा: फरक आहे तसा राहू दे, पुन्हा विचारू नकोस. मजला हलवायचा असेल तर त्यासाठीची वेगळी कृती त्याच यादीत असते. घाईत 'अ‍ॅक्सेप्ट' दाबणारे पुष्कळ, आणि त्या क्षणापासून त्या फरकाचा इशारासुद्धा बंद.

दिवे, प्लंबिंगची उपकरणं, एअर टर्मिनल (हवा सोडणाऱ्या-खेचणाऱ्या जाळ्या) आणि मेकॅनिकल उपकरणंसुद्धा याच साधनाने आणता येतात. आर्किटेक्टचं साधं बेसिन आणताना त्या जागी आपलं, पाइप जोडता येणारं बेसिन ठेवायची सोय त्यात आहे.

छताला लटकणाऱ्या वस्तूंबाबत एक काळजी. दिवा किंवा डिफ्यूझर (खोलीत हवा सोडणारी जाळी) लिंकमधल्या फॉल्स सिलिंगला चिकटवायचा असेल तर त्याची फॅमिली (रेव्हिटमधला वस्तूचा नमुना) 'फेस-बेस्ड' हवी, म्हणजे कोणत्याही पृष्ठभागावर बसणारी. आणि आर्किटेक्टला विनंती करून ठेवायची, की सिलिंग बदलायचं तर तेच बदला, पुसून नवं काढू नका. पुसलं की आपले सगळे दिवे अनाथ होतात. दिसतात जागेवर, पण यजमान गेलेला.

खोली आणि स्पेस

आर्किटेक्टकडे 'रूम' असते, आपल्याकडे 'स्पेस'. दोन्ही दिसायला सारख्या, काम वेगळं. स्पेसमध्ये किती माणसं, किती दिवे, किती उष्णता आणि किती ताजी हवा लागते ही माहिती राहते. तापमानाचं गणित तिच्यावर चालतं, आणि डिफ्यूझरमधून किती हवा येते याचा ताळाही तिच्याशीच जुळवायचा असतो.

पण नवशिक्याची स्पेस पहिल्यांदा बसतच नाही. कारण लिंकमधल्या भिंतींना आपली फाइल सीमा मानत नाही. लिंकच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये 'रूम बाउंडिंग' ही एक खूण करावी लागते, मग सगळ्या भिंती जाग्या होतात. दुसरी विसरलेली खूण म्हणजे घनफळ. रेव्हिट मुळात फक्त क्षेत्रफळ मोजतं, कारण ते जलद होतं. उष्णतेच्या गणितासाठी 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' चालू करायला हवं. फॉल्स सिलिंगच्या वरच्या पोकळीतही स्पेस ठेवायची असते, नाहीतर इमारतीचा तेवढा भाग हिशेबातून गळतो.

याच टप्प्यावर खरी उत्तर दिशाही बघून घ्या. कागदावर इमारत सरळ दिसावी म्हणून प्रोजेक्ट नॉर्थ वेगळी ठेवतात, ते ठीक. पण ट्रू नॉर्थ भरलीच नाही तर पश्चिमेच्या काचेवरचं दुपारचं ऊन प्रोग्राम दुसऱ्याच भिंतीवर पाडतो, आणि एसीचं गणित दिमाखात चुकतं. ठिकाण आणि हवामानाची माहिती भरण्याची जागाही तिथेच जवळ आहे.

सिस्टिम: इथे वेळ घालवा

माझ्या मते पूर्ण मांडामांडीतला निम्मा वेळ या भागाला द्यावा. ऑटोकॅडमध्ये दोन समांतर रेषा काढल्या की तो डक्ट झाला, तो पुरवठ्याचा की परतीचा हे लेयरच्या नावावरून कळायचं. रेव्हिटमध्ये प्रत्येक डक्ट आणि पाइप एखाद्या सिस्टिमचा सदस्य असतो. रंग, नाव, प्रवाहाचं गणित, यादीतली जागा, सगळं त्या सदस्यत्वातून येतं.

सिस्टिमच्या वर्गांची यादी प्रोग्रामने ठरवून दिली आहे. हवेसाठी सप्लाय, रिटर्न, एक्झॉस्ट. पाइपसाठी घरगुती थंड पाणी, घरगुती गरम पाणी, सांडपाणी, व्हेंट, हायड्रॉनिक सप्लाय आणि रिटर्न, अग्निशमनाचे काही प्रकार आणि 'अदर'. या यादीत नवा वर्ग घालता येत नाही. वर्गाच्या आत नवे प्रकार मात्र हवे तेवढे करता येतात, आधीचा डुप्लिकेट करून.

आता चिलरचं, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, थंड पाणी कुठे घालाल? नावावरून माणूस 'डोमेस्टिक कोल्ड वॉटर' डुप्लिकेट करतो. थंड पाणीच ना ते! पण ते पिण्या-वापरण्याचं पाणी. चिलरचं पाणी बंद फेऱ्यात फिरतं, म्हणून ते हायड्रॉनिक सप्लाय आणि रिटर्नमधून तयार करायचं. एअर हँडलिंग युनिटच्या (डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) कॉइलवरचा कनेक्टरही, म्हणजे पाइप जोडायचं तोंडही, साधारण हायड्रॉनिक वर्गाचाच असतो. वर्ग जुळला नाही तर पाइप टेकतो, पण सिस्टिम बनत नाही.

कनेक्टर हा शब्द आला, तर उपकरणांच्या फॅमिलींबद्दलही सांगतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला पंप फार देखणा असतो, बोल्टचे आटेसुद्धा कोरलेले. फाइल जड होते आणि आत कनेक्टर नसतो. असा पंप म्हणजे पुतळा. मला साधा ठोकळा चालतो, फक्त त्याला योग्य व्यासाचे, योग्य वर्गाचे, प्रवाहाची दिशा सांगणारे कनेक्टर हवेत. प्रकल्पात वापरायची प्रत्येक फॅमिली आधी एका रिकाम्या फाइलमध्ये उघडून तिला पाइप जोडून बघावा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

मग राउटिंग प्रेफरन्सेस. डक्टच्या किंवा पाइपच्या प्रकाराला सांगून ठेवायचं: वळणावर कोणता एल्बो, फाट्यावर टी की टॅप, मापाच्या बदलावर कोणता रिड्यूसर. ही खाती रिकामी असली की डक्ट वळताना अडतो आणि लोक प्रोग्रामला शिव्या देतात. पाइपचं साहित्य, मापं आणि उतार मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये भरायचे असतात. उताराची यादी तर आवर्जून तपासा. १:१०० उताराने १५ मीटर गेलेला सांडपाण्याचा पाइप १५० मिलिमीटर खाली उतरतो. फॉल्स सिलिंगवर एकूण ४०० मिलिमीटरच जागा असेल तर बाकीच्या सगळ्यांनी या पाइपला वाट करून द्यायची, कारण पंप न लावता सांडपाणी चढावर जात नाही. म्हणूनच मी पुढे काढायलाही सुरुवात सांडपाण्यापासून करतो, मग मोठे डक्ट, मग दाबाचे पाइप, शेवटी केबल ट्रे.

न जोडलेल्या वस्तू शोधायला एफ९ दाबून सिस्टिम ब्राउझर उघडावा. 'अनअसाइन्ड' या शीर्षकाखाली सगळी अनाथ मंडळी सापडतात. मॉडेल मोठं झाल्यावर प्रत्येक बदलाला यंत्र अडखळायला लागलं तर सिस्टिमच्या प्रकारातली कॅल्क्युलेशन्स कमी करता येतात, हेही ध्यानात असू द्या.

विजेच्या बाजूला तोच न्याय, शब्द वेगळे. आधी व्होल्टेजच्या व्याख्या, त्यावर डिस्ट्रिब्युशन सिस्टिम (पॅनेल कोणत्या व्होल्टेजवर चालतं ते सांगणारी व्याख्या), मग पॅनेल. टेम्पलेटमध्ये बहुधा दुसऱ्याच प्रदेशातले व्होल्टेज भरलेले असतात. आपल्याला २३०/४०० व्होल्ट हवे असतील आणि व्याख्येत १२०/२०८ असतील, तर दिवा आणि पॅनेल एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. सर्किट करताना यादीत पॅनेलच दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा पॅनेलला डिस्ट्रिब्युशन सिस्टिम दिलेली नसते.

व्ह्यू, आणि 'काढलेलं दिसत नाही' ही तक्रार

डक्ट काढला, आणि रेव्हिट म्हणतं की तयार केलेली वस्तू या व्ह्यूमध्ये दिसत नाही. मग माणूस पुन्हा काढतो, पुन्हा काढतो, आणि थ्रीडीत बघतो तर एकावर एक तीन डक्ट. कारण बहुतेक वेळा व्ह्यू रेंज, म्हणजे प्लॅनमध्ये कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंतचं दिसावं ती मर्यादा. आर्किटेक्टचा प्लॅन जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास कापलेला असतो, डक्ट तीन मीटरवर. आपल्या प्लॅनची छेदरेषा आणि वरची मर्यादा उंचावून ठेवायची.

व्ह्यूची डिसिप्लिन 'मेकॅनिकल' किंवा 'इलेक्ट्रिकल' केली की भिंती फिकट होतात आणि आपली वस्तू उठून दिसते. सिस्टिमवर आधारित फिल्टर लावून रंग द्यावेत. हे सगळं एका व्ह्यू टेम्पलेटमध्ये बांधलं की चाळीस प्लॅन एका फटक्यात सारखे होतात. हातानं एकेक प्लॅन सजवणाऱ्याचं कौतुक करावं, अनुकरण नाही.

एकाहून जास्त माणसं काम करणार असतील तर वर्कशेअरिंग (एकाच मॉडेलवर अनेकांनी काम करायची सोय) सगळ्यांत शेवटी सुरू करा. एकाच माणसाने वरचं सगळं पूर्ण करायचं, मग सेंट्रल फाइल, म्हणजे सगळ्यांची सामायिक मूळ फाइल, तयार करायची. वर्कसेट (मॉडेलमधल्या वस्तूंचे गट) थोडेच पुरतात: हवा, पाणी, वीज, अग्निशमन, आणि प्रत्येक लिंकसाठी वेगळा, म्हणजे नको असलेली लिंक न उघडता फाइल पटकन उघडता येते. रोज स्थानिक प्रतीत काम करून सिंक करायचं, म्हणजे बदल सेंट्रल फाइलशी जुळवायचे. सेंट्रल फाइल थेट उघडून काम करणारा एक तरी सगळीकडे असतो, त्याला पहिल्याच दिवशी शोधून काढा.

टीमला फाइल देण्याआधी एक छोटी चाचणी घ्यावी. एकच मजला, एकच कोपरा. तिथे एक एअर हँडलिंग युनिट, त्यातून निघणारा डक्ट, दोन डिफ्यूझर. एक बेसिन, त्याला थंड पाणी आणि उताराचा सांडपाण्याचा पाइप. एक पॅनेल, तीन दिवे, एक सर्किट. एवढं जोडून शीटवर (छापायच्या ड्रॉइंगवर) ठेवायचं आणि खरोखर छापायचं. रंग चुकतो का, टॅग रिकामा येतो का, हवेचा आकडा डिफ्यूझरपासून युनिटपर्यंत बेरीज होत पोचतो का, पॅनेलच्या तक्त्यात सर्किट दिसतं का. माझ्या अनुभवात या कोपऱ्यात पाच-सहा चुका हमखास निघतात. त्या दुरुस्त झाल्या की चाचणीच्या वस्तू पुसायच्या, सिस्टिम ब्राउझरमध्ये काही उरलं नाही ना ते बघायचं, आणि फाइलची एक प्रत लिंक काढून टाकून टेम्पलेट म्हणून जपून ठेवायची. पुढच्या प्रकल्पाला यातलं निम्मं काम आयतं मिळतं. लिंक, मजले, उत्तर दिशा आणि स्पेस मात्र तिथेही नव्यानेच कराव्या लागतात.